निळी शाई

सुमतीबाईंना कुठलंही तळं निवांत बघता येत नसे. आधी त्या धरणाची भिंत शोधत. पुण्यात पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्या ट्रेसर होत्या. धरणांचे नकाशे शाईने उतरवायच्या. बुडीत क्षेत्र निळ्या शाईने. एकदा त्या निळ्यात त्यांचं माहेरच आलं. तीही रेघ स्वच्छ आली. "ताई, गाव तूच बुडवलंस बघ," धाकटा भाऊ शिवाजी हसत म्हणाला होता. त्यानंतर पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात त्या एकदाही गेल्या नाहीत. शिवाजी दर दिवाळीला बोलावतो. त्या गुडघ्यांचं निमित्त सांगतात.

तेच गुडघे घेऊन त्या लेक विनिता आणि नात इरावती यांच्याबरोबर विनिताच्या परदेशातल्या शहरातून, पोरिरुआहून, निघाल्या, फेरीने साउथ आयलंडला आल्या आणि दीड तास डोंगर चढल्या. वर तळं होतं, शाळेच्या मैदानाएवढं.

"बस की गं आई," विनिता थर्मास उघडत म्हणाली.

बाई काठाकाठाने निघाल्यासुद्धा. टोकाला दगडमातीचा लांब बांध दिसला, तेव्हा थांबल्या.

"सापडला. हा कुठल्या खात्याने घातला?"

"ग्लेशियर डिड इट, आजी," इरावती म्हणाली. "पुश्ड ऑल धिस, देन मेल्टेड."

"आणि खाली कोण राहायचं?"

"नोबडी. जस्ट आइस."

विनिता हसली. "प्रत्येक पाण्याखाली गाव नसतं गं."

बाईंना ते लगेच पटेना. वाटेवरचा फलक त्यांनी इरावतीकडून वाचून घेतला. इथली मूळची माओरी माणसं उन्हाळ्यात इथे वाम मासे धरायला येत, काठावर चुली मांडत. पुढे मेंढ्यांची कुरणं झाली आणि त्यांचं येणं बंद पडलं.

"मग?"

"दे कम बॅक नाउ. एव्हरी समर."

"येऊन काय करतात?"

"आय डोन्ट नो, आजी. सिट? ईट?"

बाई बसल्या. पर्समधली पेन्सिल काढून त्यांनी सँडविचच्या कागदावर तळ्याची कड एका दमात उतरवली. पाण्यात घर नाही, देऊळ नाही. काठावर मात्र चुलींची तीन टिंबं दिली. मग उठल्या, पुन्हा बसल्या.

"विनू, दिवाळीपर्यंत मी पुण्याला परत गेलेली असेन ना?"

"हो. का गं?"

"रेंज आली की शिवामामाला फोन लाव. म्हणावं, येतेय. आणि विचार, नव्या गावठाणातून पाण्यापर्यंत चालत जाता येतं का."

विनिताने बाईंच्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं आणि रेंज शोधायला फोन काढला.