‘माझ्याकडे आहे की!’

एकाच वस्तूचे दोन नग दिसले की ज्याचं डोकं फिरतं, असा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. आमच्या लग्नात कुणीतरी इस्त्री दिली, तर मामांनी ती मांडवातूनच परत पाठवली. “माझ्याकडे आहे की! घाटकोपरला या.” मीही असा शूर, की वर्षभर चुरगळलेले शर्ट पिशवीत घालून मुलुंडहून घाटकोपरला जात राहिलो. ट्रॉम्बेच्या नोकरीत यांनी म्हणे एक स्क्रू-ड्रायव्हर तीन खोल्यांना पुरवला होता. निवृत्तीनंतर मामा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले आणि घरी दणकट कॉम्प्युटर बसवला. आमचा लॅपटॉप कण्हत असल्यामुळे माझी लेक सई शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यांच्याकडेच करू लागली.

पायथनमध्ये म्हणे दर कामाला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करतात. मला कळलं ते एवढंच, की त्या कामापुरती वेगळी खोली बांधायची आणि लागणारी पॅकेजेस, म्हणजे तयार अवजारं, तिथे नव्याने आणून ठेवायची. मामांनी हे पाहिलं आणि थेट मला फोन लावला. “पोरीला काही वळण लावलंय की नाही? सगळं माझ्या मशीनवर आहे, आणि ही तेच परत उतरवतेय!” त्यांनी ती खोली पाडली आणि ‘सिस्टिम साइट पॅकेजेस’ असा पर्याय देऊन नवी बांधली. आता सईच्या खोलीतून थेट मामांच्या अवजारांचं कपाट उघडत होतं.

एके दिवशी अकरा वाजता अंधेरीच्या कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता, आणि त्याच सकाळी एकही आलेख निघेना. आदल्या संध्याकाळी मामांनी आलेखांचं पॅकेज अपडेट केलं होतं. कपाटात बदललं, ते खोलीतही बदललं, आणि सईचं काम तर जुन्या आवृत्तीवर बेतलेलं. सईला न्यायला आलेला मी दारातच भडकलो.

“मामा, इस्त्रीपासून गप्प बसलोय मी! पोरीचं वर्ष जाईल!”

“अरे, माझं पॅकेज मी अपडेट करायचं नाही?”

“करा ना! पण सांगाल की नाही?”

“बाबा, ओरडू नका ना. आजोबा, तुम्ही पण,” स्क्रीनवरून नजर न हलवता सई म्हणाली. तिने त्या एकाच पॅकेजची जुनी आवृत्ती आपल्या खोलीत आणून ठेवली. खोलीत असेल ते आधी घ्यायचं, नसेल ते कपाटातून, असा तिथला नियम आहे म्हणे. दहा मिनिटांत आलेख हजर!

मामा स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, “एकच दुसऱ्यांदा आणलंस ना?”

“एकच. बाकी सगळं तुमचंच, आजोबा.”

सई पास झाली, नोकरीला लागली, तिला ऑफिसचा लॅपटॉप मिळाला. मामांच्या मशीनवर आता तिचं काहीच चालत नाही. तरी कुठलंही पॅकेज अपडेट करण्याआधी त्यांचा फोन येतो, “करू ना गं?” आणि ती दर वेळी सांगते, “थांबा आजोबा, रविवारी येऊन बघते.”

आमच्याकडे आता इस्त्री आहे. पण रविवारी तिच्याबरोबर निघताना मी दोन शर्ट पिशवीत टाकतो.