एक माप मोठ्या बांगड्या

सकाळी सातला बाबा पहिल्या पाळीसाठी अंबडच्या कारखान्यात निघून गेले, की आई ओट्यापाशी उभी राहून हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढायची आणि स्टीलच्या वाटीत ठेवायची... काच स्टीलवर टेकल्याचा तो बारीक आवाज, उतू जाऊ पाहणाऱ्या दुधाचा वास, आणि मागच्या पडवीतून येणारा सागाच्या भुशाचा कडसर, जरासा तेलकट गंध — सातपूरच्या त्या बैठ्या घरातली माझ्या बालपणाची प्रत्येक सकाळ अशीच उजाडत असे. बांगड्या काढून झाल्या की आई पडवीत जायची आणि थोड्या वेळाने करवतीची घरघर सुरू व्हायची.

दिंडोरीच्या सुताराची ती लेक. आजोबा थकल्यावर त्यांची टेबल-करवत — लोखंडी मेजाच्या मधल्या फटीतून गोल पातं वर येतं ती — मामांना नको होती, म्हणून आमच्याकडे आली, आणि तिच्यामागोमाग पाट-चौरंगांची कामंही आली. बाईमाणूस करवत चालवतं म्हणून गल्लीत सुरुवातीला कुजबुज झाली; पण आईचा चौरंग फरशीवर डुगडुगत नाही हे कळल्यावर कुजबुजणाऱ्याच बायका गिऱ्हाईक झाल्या. आईचे नियम मात्र सोवळ्यापेक्षा कडक. पदर कमरेला घट्ट खोचलेला, वेणी वर बांधलेली, मंगळसूत्र पोलक्याच्या आत आणि हात मोकळे. पातं लाकडाच्या वर जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच, दिसेल एवढंच चढवायचं. पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, कारण लाकूड उसळलं तर त्याच वाटेने मागे येतं... म्हणून ती अंग जरा चोरून बाजूला उभी असे. फळीचा शेवटचा वीतभर भाग बोटांनी नव्हे, खाच पाडलेल्या काठीनेच पुढे सरकवायचा. आणि बटण बंद केल्यावरही पातं पुरतं थांबेपर्यंत मेजाकडे हात न्यायचा नाही. पातंसुद्धा आपल्या जाडीचं लाकूड खातं, असं ती म्हणायची, आणि रेघेच्या ज्या बाजूचं लाकूड जायचं तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवायची. कापलेल्या कोपऱ्याला गुण्या लावून तो काटकोनात आहे की नाही हे ती डोळे बारीक करून बघे, आणि अर्धं सूत फरक निघाला तरी ती फळी बाजूला जाई. मला पडवीच्या दारात खडूची एक रेघ आखून दिलेली होती. करवत चालू असताना त्या रेघेच्या पुढे यायचं नाही.

दर संक्रांतीला बांगड्या भरायला आली की कासारीण कुरकुरायची, "ताई, एक माप मोठ्या घेताय. हातातून गळतील ना."

"गळू द्या," आई हसून म्हणायची. "मला रोज काढायच्या असतात."

त्या हिवाळ्यात बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, इगतपुरीकडच्या खेड्यातून राहायला आली. तिच्या पिशवीत नव्या तांदळाचा वास असायचा, आणि तिच्या थंड, खरखरीत हातांची चंपी मला फार आवडायची. आत्या वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिने वाटीतल्या बांगड्या पाहिल्या आणि तिचा चेहराच उतरला.

"सवाष्ण बाईनं असे हात मोकळे ठेवू नाय गं," ती आईला म्हणाली. "नवरा स्कूटरवर रस्त्यानं जातोय रोजचा. लय वाईट असतं हे."

"वन्सं, बांगडी अडकली तर हात जाईल माझा."

"हात जाईल म्हणून कुंकवाशी खेळायचं का?"

आईने हसण्यावारी नेलं. मला ते जमलं नाही. दोनच महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीतले एक काका गाडीच्या अपघातात गेले होते, आणि त्यांच्या दारावरून शाळेत जाताना काकूंचे मोकळे हात मी रोज पाहत होते. माझ्या नऊ वर्षांच्या डोक्याने दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या... आणि कुणालाही न विचारता जोडल्या, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आत्या परत गेल्यानंतरच्या आठवड्यातली ती सकाळ. धुकं इतकं दाट की फाटकाबाहेर पडल्या पडल्या बाबांची स्कूटर दिसेनाशी झाली, नुसता आवाज ऐकू येत राहिला आणि मग तोही बुडाला. एका घरी संध्याकाळी पूजा होती, त्यांचा चौरंग द्यायचा होता, आणि एकच फळी कापायची राहिली होती. आईने सवयीने वाटी ओढली. मी तिचा हात गच्च धरला.

"आई, नको ना काढूस. तू काढल्यास की बाबा मरतील."

ती खाली बसली. तिने मला समजावलं, पापे घेतले, थोडी रागावलीही. मी ऐकेना. रडून रडून मला उचकी लागली. शेवटी ती म्हणाली, "बरं बाई, नाही काढत. झालं समाधान?" तिने बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या — एक माप मोठ्या, सहज गेल्या — आणि त्यांवरून घट्ट रुमाल बांधले. मला इतका आनंद झाला की मी खडूच्या रेघेमागे बसून, पाय हलवत, सगळं दूध प्यायले. सायीसकट.

रुमाल कधी सैलावला ते मला दिसलं नाही. डाव्या हातातल्या बांगड्या घरंगळत मनगटावर आल्या, एक, फळी सरळ सरकावी म्हणून मेजावर बसवलेल्या आडपट्टीच्या टोकाला अडकली, हाताला हिसका बसला... पुढचं मला अजूनही लिहिता येत नाही. आईची दोन बोटं गेली.

दवाखान्यात बाबा कारखान्याच्या कपड्यांतच धावत आले. भीतीने त्यांचा आवाज चिरका झाला होता. "लहानपणापासून करवतीवर हात बसलाय तुझा, आणि बांगड्या काढायच्या विसरतेस?"

"विसरले," आई म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त चांगल्या हाताने मला जवळ ओढून घेतलं. मी गप्प राहिले. नऊ वर्षांच्या मुलीचं गप्प राहणं समजू शकतं. पण मी पंधराव्या वर्षीही गप्प होते, तिसाव्या वर्षीही.

महिन्याभरात विंचूरचा कुणी सुतार टेम्पो घेऊन आला आणि करवत घेऊन गेला. आई दारात आलीच नाही. आत भांडी घासत बसली, घासलेलीच. पुढे लग्नात, बारशाला कुणी हाताबद्दल विचारलं, तर तिच्याआधी बाबाच उत्तर देत, "निष्काळजीपणा, दुसरं काय!" अर्ध्या सुतासाठी फळी बाजूला सारणारी माझी आई हातावर पदर ओढून घ्यायची आणि कसंनुसं हसायची. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून जायची. तिच्या शेवटच्या आजारात एकदा मी धीर केला, "आई, त्या दिवशी..." एवढंच म्हणाले, तर तिने तोंडावरची माशी वारावी तसा हात हलवला आणि म्हणाली, "उशी जरा वर कर गं."

गेल्या वर्षी ती गेली. समाचाराला आलेल्या कुणीतरी तिच्या हाताचा विषय काढला आणि बाबांनी नेहमीचं उत्तर दिलं, थकल्या आवाजात. या वेळी मी उठले नाही. पाहुणे गेल्यावर बाबांच्या समोर बसून सगळं सांगितलं — आत्याचं बोलणं, माझं रडणं, ते रुमाल.

बाबा म्हणाले, "चारचौघांत बोलायचो गं मी तिला. इतकी वर्षं. आणि तिनं एकदाही..."

सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. आता या घरात तिची माफी मागायची राहिलेली दोन माणसं आहेत... आणि ती नाही.