गच्चीवरची खुर्ची

आज सकाळी चुलीवर चीक शिजायला लागला आणि त्या आंबूस वासाबरोबर लॉकडाऊनचा उन्हाळा आठवला. कुरडयांचा गहू भिजवून, वाटून झाला होता. हे काम एकटीचं नव्हे, पण शेजारणींना बोलवायला माझा नवरा तयार होईना. “माय, तुले साखर हाय. साऱ्यात जास्त धोका तुलेच,” तो म्हणाला. सासूबाई कडाडल्या, “किराणा दुकानात दिवसभर लोकाईत तू बसतं, अन् धोका मले? हा चीक काय तुह्या लॉकडाऊनसाठी थांबन?” दोघांचंही खरं होतं. शेवटी मीच तोड काढली. दोघीच शेजारणी आल्या, तोंडाला पदर बांधून, आंगणात लांब लांब बाजा टाकून बसल्या आणि सासूबाई गच्चीवर खुर्चीत. खाली चिकाची गरम वाफ, साच्याची करकर, आणि वरून त्यांचा आवाज, “अवं, पातळ टाकू नको! ते कोपऱ्यातली कुरडई पाह्य, तुटली!” त्या साली एकही कुरडई बिघडली नाही. आता कसलीच बंदी नाही, साऱ्या शेजारणी आल्या आहेत. आज मी सासूबाईंची बाज मुद्दाम आंगणात, सावलीत टाकली, तर माझ्या हाती खुर्ची देऊन त्या जिना चढल्याच. म्हणाल्या, “खाली बसलं की एकीचीच कुरडई दिसते व माय, वरून साऱ्याईची दिसते.”