भाकरीएवढा वेळ

प्रिय ईरा आणि कबीर,

गेल्या रविवारी पाठवलेल्या आवाजाच्या फाइली तुम्ही ऐकल्यात आणि ईराने लगेच विचारलं, "आजोबांचा आवाज तुझ्याकडे होता, तर दोन वर्षं का नाही पाठवलास?" प्रश्न रास्त आहे. फोनवर सांगायला घेतलं तर कबीर अर्ध्यातून जेवायला उठेल, म्हणून सविस्तर लिहिते. कारण एकच, रोह्याचे आजोबा. आणि त्यांच्याइतका कुलपावर जीव असलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात आजवर झाला नाही, पुढेही होईलसं वाटत नाही.

तुम्ही त्यांना लहानपणी पाहिलंय. ते तुम्हाला खाऊचा डबा द्यायचे आणि किल्ली द्यायला विसरायचे. त्यांचे वडील धरमतरच्या खाडीवर मिठागरात कामाला होते. शाळेसाठी ते पेणला आले आणि तुमच्या आजोबांच्या बाकावर बसले. परीक्षेच्या दिवसांत ते आपल्याच घरी राहायचे. तुमचे आजोबा पुढे गणिताचे मास्तर झाले, रोह्याचे आजोबा तिथल्या एका केमिकल कंपनीत मोजमापाची यंत्रं सांभाळायला लागले आणि रिटायर झाल्यावर रोह्याजवळ वरश्याला घर बांधून राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते मला वहिनी म्हणतात आणि मी त्यांना भावोजी.

भावोजींच्या घरात कपाटाला कुलूप होतं, यात नवल नाही. पण पोह्याच्या पापडांच्या डब्याला होतं, झोपाळ्याच्या कडीला होतं, आणि किल्ल्यांच्या पेटीलाही होतं. त्या पेटीची किल्ली सुरक्षेसाठी दर आठवड्याला जागा बदलायची. ती कुठे आहे हे फक्त त्यांना ठाऊक असे, तेही आठवड्याचे पहिले दोन दिवस. पाहुणे आले की पापड तळायचे की नाहीत, हे त्यांची बायको वारावरून ठरवायची. दरवर्षी पेणच्या कारखान्यात ते गणपतीची मूर्ती पसंत करत, आगाऊ नाव घालत आणि पाटाला साखळी घालून ती खांबाला कुलूपबंद करून जात. कारखानदार म्हणायचा, "काका, देव पळून जाणार नाय." त्यावर हे शांतपणे म्हणत, "देवाचा भरवसा हाय. गिऱ्हाइकांचा नाय."

रोह्याहून गाडीने पेणला यायला निघाले की कासू स्टेशनपर्यंत ते मजेत असत. कासू आलं की घराचं कुलूप आपण ओढून पाहिलं होतं का, ही शंका त्यांना बरोबर गाठायची. पुढचं स्टेशन पेण. इथे तुमचे आजोबा चहा टाकायला सांगून वाट बघत बसलेले, आणि हा गृहस्थ कासूला उतरून रोह्याची गाडी पकडून परत. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी आजोबा स्वतःच कासूला जाऊन फलाटावर उभे राहिले, गाडी आल्यावर यांना दारातच अडवलं, पुन्हा आत ढकललं आणि स्वतःही चढले. दोघे हसत हसत घरी आले. कुलूप अर्थात लागलेलं होतं. ते नेहमीच लागलेलं असे.

त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे तिथी. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखा असतात. त्यांच्या डोक्यात चंद्र असतो. "दशमीला येतो वहिनी," असा निरोप आला की मला पंचांग काढावं लागे. हे त्यांना वडिलांकडून मिळालेलं. खाडीवरचा जुना हिशेब असा आहे की तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिठागराच्या बांधात खाडीचं पाणी आत घ्यायचं एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ती भरतीला उघडायची जबाबदारी त्यांच्या वडिलांची होती. शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणताना बाकी सगळे अडखळायचे, पण भावोजी डोळे मिटून म्हणायचे, असं तुमचे आजोबा कौतुकाने सांगत. त्यांच्यासाठी तो पाढा नव्हताच, पाणी होतं.

आता मूळ मुद्दा. शेवटच्या आजारपणात आजोबांच्या मनाने घेतलं की तुम्हा दोघांसाठी पावकी, निमकी, पाऊणकी असे जुने पाढे स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवायचे. मी माझा फोन पुढे केला, पण त्यांना भावोजीच हवे होते. मग भावोजी दर चार दिवसांनी रोह्याहून यायचे आणि ओटीवर समोर फोन धरून बसायचे. पाढ्यांच्या मध्ये आजोबा तुम्हाला उद्देशून काहीबाही बोलत. बावीस वेळा असं झालं. ते सगळं भावोजींनी एका पेनड्राइव्हमध्ये भरलं. तो साधा नव्हता. त्याच्या पाठीवर आकड्यांची बटणं होती आणि आठ आकड्यांचा परवलीचा क्रमांक घातल्याशिवाय आतलं काही दिसत नसे. दहा वेळा चुकीचा क्रमांक पडला की आतलं सगळं आपोआप पुसलं जाणार, हे त्यांनी मला फार अभिमानाने सांगितलं होतं. आणि भरून झाल्यावर त्यांनी फोनमधलं सगळं पुसून टाकलं, कारण दोन प्रती म्हणजे दोन दारं.

मी तेव्हाच म्हटलं होतं की क्रमांक माझ्या वहीत लिहून ठेवू. माझ्या वहीत गॅसचा नंबरसुद्धा अनुक्रमणिकेसह असतो. ते म्हणाले, "लिहून ठेवलेलं कुलूप म्हणजे उघडं दार, वहिनी." मी चिडून विचारलं की म्हाताऱ्या मास्तराचे पाढे चोरणार तरी कोण?  ते म्हणाले, "माणूस गेल्यावर त्याचा आवाज बेवारशी फिरायला नको." मी वही मिटून ठेवली.

आजोबा गेले. तेराव्यानंतर मी पेनड्राइव्ह मागितला, भावोजी म्हणाले आणतो. संक्रांतीला मागितला, गणपतीत मागितला. आणतो, आणतो. मग त्यांनी पेणला येणंच बंद केलं. मला राग आला होता, लपवत नाही. यंदा कबीरने विचारलं की आजोबा बोलायचे कसे, ते मला नीट आठवत नाही, तेव्हा मी सरळ उठून वरश्याला गेले. भावोजींनी चार कुलपं उघडून पेनड्राइव्ह आणला, माझ्या हातात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, मी चार वेळा चुकलोय."

कुलपात आयुष्य घातलेला माणूस स्वतःच्याच कुलपाबाहेर दोन वर्षं बसला होता, आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती. त्यांना एवढंच आठवत होतं की ज्या दिवशी क्रमांक घातला त्या दिवसाच्या भरतीची आणि ओहोटीची वेळ, तास-मिनिटांत पाठोपाठ, असे ते आठ आकडे होते. दिवस कुठला, तेच आठवत नव्हतं.

इथे माझी वही कामाला आली. पेनड्राइव्हला क्रमांक घालून तो मला दाखवून गेले त्या दिवसाची नोंद माझ्याकडे तारखेनिशी होती. तारखेवरून पंचांगात तिथी काढली, तिचा पाऊणपट केला, आकडे घातले. लाल दिवा लागला. तिथी दुपारी बदलली असेल म्हणून पुढची घेऊन पाहिली. लाल दिवा. मग आदली. पुन्हा लाल. सात झाले. मी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हटलं, राहू दे. तीन संधी शिल्लक असलेलं कुलूप तरी घरात राहील.

एवढा वेळ त्यांची बायको स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "अवो, तुमचा बाबा हिशेब झाल्या झाल्या कवा उघाडीवर गेलता का?"

"तू गप गो," भावोजी म्हणाले.

"गप कशी? भाकर मीच भाजायची ना. बाबा बोटावर मोजायचा, मग भाकर खायाला बसायचा, ती खाऊन मग जायचा. म्हनायचा, पानी अजून रेवसला हाय, आपल्यापतूर यायला एक भाकर लागंल."

भावोजी तिच्याकडे बघतच राहिले. पाऊणपटाचा हिशेब खाडीच्या तोंडाशी, रेवसला, समुद्राजवळ खरा. आत त्यांच्या मिठागरापर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागायचा. तो वेळ वडिलांनी कधी आकड्यात सांगितलाच नाही, ते फक्त जेवून घ्यायचे. पेनड्राइव्हला क्रमांक देताना भावोजींनी समुद्राची नाही, आपल्या बांधावरची भरती धरली होती, आणि नंतर नेमकी भाकरी विसरले होते.

"एक भाकर म्हणजे किती?" मी विचारलं.

"बाबा सावकाश खायचा," ती म्हणाली. "अर्धा तास धरा."

माझ्या नोंदीतली तिथी, तिचा पाऊणपट, वर अर्धा तास. बटणं मी दाबली, कारण भावोजींनी डोळे मिटून घेतले होते. हिरवा दिवा लागला. पहिली फाइल उघडली आणि तुमचे आजोबा वरश्याच्या त्या खोलीत म्हणाले, "पाऊण एके पाऊण, पाऊण दुणे दीड." भावोजी डोळे न उघडता त्यांच्याबरोबर पुढे म्हणू लागले. दोघे मिळून थेट शेवटपर्यंत गेले. मग कुलूप न लावलेल्या डब्यातले पापड तळून आम्ही जेवलो.

त्या दिवसापासून भावोजी पुन्हा पेणला येतात, पण आता पुष्कळ विसरतात. मागच्या आठवड्यात आले ते कासूला न उतरता. मी विचारलं, कुलूप ओढून पाहिलंत का? ते म्हणाले, "लावलंच नाय बहुतेक." आणि चहा प्यायले. आम्ही दोघे हसलो, पण कासूच्या फलाटावर उभं राहून त्यांना आत ढकलणारं माणूस आता नाही, हे दोघांच्याही मनात होतं.

तिथी कोणती होती ते मी इथे लिहिणार नाही, तसा शब्द दिला आहे. माझ्या वहीतही क्रमांक लिहिलेला नाही. बावीस फाइलींपैकी तीनमध्ये नुसता पंख्याचा आवाज आहे. एकीत पाऊणकी अकरापर्यंत येते आणि मी चहा घेऊन आल्यामुळे थांबते. बाकीच्या अठरा शेवटपर्यंत नीट ऐकू येतात.

तुमची आजी