वहिनींची पेटी दाराबाहेर

गडमुडशिंगीच्या सुरेश कांबळे यांच्यावर अन्याय झाला तो यंदा, १९९९ साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, कोल्हापुरातल्या एका संगीत क्लासच्या बंद दाराआड. गिटार शिकवायच्या जागेसाठी ते परीक्षेला गेले होते. "एकच चाल चारदा वाजवली," असा शेरा मारून त्यांना वाटेला लावलं. हे ऐकून मी कऱ्हाडात बसूनच पत्रक खरडलं: 'कान विकलेले परीक्षक!' छापण्याआधी माणूस तरी बघावा, म्हणून सकाळची एसटी धरली.

कोल्हापूरच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. पहिल्याच घासाला ठसका लागला आणि कट (वरचा तिखट रस्सा) थेट पत्रकावर. तसंच खिशात कोंबून गडमुडशिंगीला उतरलो. पानपट्टीवरच्या एका म्हाताऱ्यानं हटकलं.

"पावणं, कुणाकडं?"

"गिटारवाल्या कांबळ्यांकडं."

"त्यो व्हय! उसाकडंचं शेवटचं घर. गड्याचा हात जागचा हालत न्हाय, ऐकणारा मातूर हालतोय!"

सुरेशदादांनी चहाआधी गिटारच काढली. परीक्षेतल्या चारही चाली वाजवल्या. तेच पडदे (तार दाबायच्या पट्ट्या), तेच सात सूर. परीक्षक खरं बोलला होता की काय?

"दादा, सगळं एकच वाटतंय," मी तोंडावर बोललो.

"वाटणारच की. हिनं अजून घर कुठं दावलंय?" दादांनी चुलीपुढच्या बायकोकडं बोट केलं.

भाकरी टाकून शोभावहिनी आल्या. पिठाचे हात पदराला पुसले, पेटीचा भाता ओढला आणि एकच सूर, घरचा 'सा' म्हणून, धरून ठेवला. दादांची बोटं त्याच वाटेनं चालली. भरल्या घरासारखं प्रसन्न वाटलं. वहिनींनी बोट उचलून तिसऱ्या सुरावर ठेवलं. बोटं तीच, पडदे तेच, आणि माझ्या डोळ्यांसमोर भैरवी उभी! चौथ्यावर ठेवलं, तर कल्याण रागाचा उजेड पडला. एवढ्याशा लाकडाच्या पट्टीत इतकी गावं वसलेली, आणि सा हलला की वेस बदलते! मी तोंड उघडं टाकून बसलो.

"बोटं माझी, घर हिचं," दादा म्हणाले.

"मग तिथं पेटी का नेली नाही?"

"गेलतो की दोघंबी. साथीदार चालत न्हाय म्हनं. ही पायरीवर बसली पेटी धरून."

"क्लासवाल्यांनी परत परीक्षेला बोलावलंय तर जात न्हाईत," वहिनी फणकारल्या. "ह्यांना घिऊन, पेटीसकट मी जाणार हाय. भाऊ, आधी खर्डा-भाकरी खावा."

परतीच्या एसटीत मी ते डागाळलेलं पत्रक फाडलं. पेटी न ऐकता शेरा मारणारा परीक्षक आणि काहीच न ऐकता पत्रक लिहिणारा मी, दोघंही एकाच बाकावरचे. खोट कानात नव्हती, दारात होती.

येत्या रविवारी अकरा वाजता फेरपरीक्षा आहे. वहिनींनी दादांना तयार केलंय. पेटीला दोन कड्या असतात. एक मी धरतो. दुसरी धरायला तुम्ही या, आणि दार उघडेपर्यंत सोडू नका.