आधी पुसून दे

सरांनी फडकं माझ्या हातात दिलं न्हाय. टाकलं. टेबलावरनं घसरून ते माझ्या चपलेवर पडलं.

"तुझी आई आमच्या शुक्रवार पेठेत झाडायला असते की," सर म्हणाले. "पुसायचं तूच बघ. हात बसलेला असणार."

माझ्याबरोबर शिकणारे तिघं हसले. मीपण हसले. त्या हसण्यासाठी मला सरांपेक्षा माझीच चीड जास्त येते.

मी वेल्डिंगची तपासणी करते. बॉयलर असो, टाकी असो, न कापता न फोडता जोडात भेग हाय का ते शोधायचं. टेंभुर्णीकडं साखर कारखान्यात परांचीवर चढून मी जोड तपासलेत. मोहोळात भर उन्हात टाकीच्या पत्र्यावर गुडघे पोळून घेतलेत. त्यातली लेव्हल टूची परीक्षा कधीच पास झाले. तिच्यावर लेव्हल थ्री. ती झाली की तपासणी कशी करायची ते आपण ठरवायचं, दुसऱ्यानं ठरवलेलं नुसतं करायचं न्हाय. मला ती पायजे होती, लई पायजे होती. पण परीक्षेला बसायचं तर अनुभव खरा हाय म्हणून मालकाची सही लागते. सर म्हंजेच आमचे मालक. शिकवणारेही तेच. रविवारी ऑफिसात आमचा सराव घ्यायचे. मी, आणि तीन पोरं. त्यातला एक सरांचा भाचा.

सरावाला भेग गेलेले लोखंडाचे तुकडे असतात. तुकडा आधी स्वच्छ पुसायचा. मग लाल रंग लावायचा, तो भेगेत मुरू द्यायचा. वरचा रंग पुसून काढायचा आणि पांढरी पावडर फवारायची. भेगेत मुरलेला रंग वर येतो, लाल रेघ उमटते. ती वाचायची. ज्याचा तुकडा त्यानंच पुसायचा असतो, तोपण अभ्यासच हाय. पण आमच्यात सगळ्यांचे तुकडे मी पुसायचे. आधी पुसून दे, म्हणत तिघं माझ्याकडं सरकवायचे. रेघ उमटायच्या वेळेला सर म्हणायचे, जरा बाजूला हो, त्यांना बघू दे. माझा तुकडा सगळ्यांच्या शेवटी. तोवर सरांची जेवायची वेळ झालेली असायची. बोटं तेवढी लाल. रेघ बघायला मिळायची ती तिघांच्या खांद्यावरनं.

एकदा आईला सांगितलं. आई रोज सकाळी सरांच्याच दारापुढनं झाडत जाते. मला वाटलं, तिला राग येईल. ती खोबरेल तेल घेऊन माझी बोटं चोळत बसली.

"सही हुईपातूर मान खाली घाल की गं," ती म्हणाली. "अडला हरी, गाढवाचं पाय धरी."

आमच्या घरात हरी कायमच अडलेला. गाढवं तेवढी बदलतात. मला तिचा राग आला. पण तिनं दारोदार झाडलं म्हणून मी शिकले. तिला कुठल्या तोंडानं सांगू, की मला फडकं धरायची लाज वाटते?  पुढच्या रविवारी परत पुसायला गेले. येताना रिक्षात सात रस्ता चौक येईपर्यंत तोंडाला ओढणी लावून रडायचे. घरी आल्यावर पुस्तक उघडायचे. अक्षरं दिसायची, डोक्यात शिरायची न्हायत.

अर्ज पाठवायच्या आधीचा रविवार. भाच्याच्या तुकड्यावर रेघच उमटंना. कशी उमटणार? मी फडकं घ्यायच्या आधीच त्यानं घाईघाईनं तुकड्यावर रंग काढायचं औषध फवारलं होतं. ते फडक्यावर घेऊन पुसायचं असतं. थेट मारलं की भेगेतला रंगही धुऊन जातो आणि फुटका तुकडा धडधाकट दिसतो. सर शेजारीच उभे होते. त्यांनी बघितलं होतं. बघूनसुद्धा ते माझ्याकडं वळले.

"झाडणारणीच्या पोरीला पुसायचंपण येत नाही."

या वेळी कुणी हसलं न्हाय.  माझ्या डब्यातली शेंगाचटणी खाणारा पोरगा मोबाइलमध्ये बघत राहिला. सरांनी दुसरा तुकडा पुढं ठेवला. फडकं टाकलं. म्हणाले, घे, आधी पुसून दे.

माझा हात पुढं गेला होता, खोटं कशाला बोलू. सवयीचा हात. फडक्यापर्यंत गेला आणि मीच त्याला मागं घेतला.

"न्हाय, सर. ज्याचा तुकडा त्यानं पुसावा."

 याच्यापेक्षा जास्त काही सुचलं न्हाय. सर ओरडले न्हायत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीत टेकून ते शांतपणे बोलले.

"मग सहीपण दुसरीकडं बघ."

दुसरीकडं म्हंजे कुठं? मी केलेल्या कामाचा अनुभव दुसरा कोण खरा म्हणणार? आमच्या धंद्यातली सोलापूरची चार माणसं, सगळी सरांना वळखतात. एका ठिकाणी गेले, तर त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, सरांना एक फोन करून बघतो. तो फोन झाला असणार. मला काही परत फोन आला न्हाय. अर्जाची मुदत गेली. तिघं परीक्षेला बसले. आई बरेच दिवस माझ्याशी धड बोलली न्हाय. अजून ती सरांच्या दारापुढनं झाडते. ते मी थांबवू शकत न्हाय. काहीच थांबवू शकत न्हाय, खरं तर.

सही कधी मिळंल, मिळंल का न्हाय, मला ठाऊक न्हाय. पुस्तक उघडंच हाय. पुसायला माझी ना न्हाय, पुसल्याबिगर भेग दिसत न्हाय. पण जो तुकडा माझे डोळे वाचणार, तोच माझे हात पुसणार. दुसऱ्याचा एकपण न्हाय. सहीसाठीपण न्हाय.