दहापैकी सहा

डॉक्टर पद्माकर आता फक्त रिटायरमेंटची वाट बघत होते. सांगलीहून येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं ते पूर्व लंडनच्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचा वॉर्ड ओढत होते. त्या वॉर्डात गोऱ्या डॉक्टरांना यायचं नसे, म्हणून तो आपल्या माणसांच्या गळ्यात पडे. हाताखालची पोरं कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डचे मुख्य डॉक्टर झाली, हे मात्र घाण्याच्या बैलासारखे तिथल्या तिथे. पूर्वी त्याचा राग यायचा. आता नुसता थकवा यायचा.

१९९१च्या मार्चमध्ये मीनलनं एक फाइल पुढे केली. मीनल लंडनच्याच एजवेअरमध्ये जन्मलेली नवी डॉक्टर. जवळ कुणी नसलं की त्यांना काका म्हणे.

“काका, मिस्टर मर्सर. मेमरी टेस्टमध्ये सिक्स आउट ऑफ टेन. म्हणजे नर्सिंग होम ना?”

मर्सर ब्याऐंशी वर्षांचे. बायको गेलेली, इल्फर्डच्या घरी एकटेच, पडले म्हणून आणलेले. सात गुण असतील तर घरी सोडायचं, नाहीतर घराला कायमचं कुलूप आणि वृद्धाश्रमासारख्या नर्सिंग होममध्ये रवानगी.

“चुकलं काय?”

“तीन डेट्सचे, आणि एक बर्थ कंट्री. न्यूफाउंडलंड म्हणतो. मी म्हटलं, दॅट्स कॅनडा, तर चिडला. त्याचा उत्तर राँगच आहे ना?”

“अगं, ते जन्मले तेव्हा न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हतंच. कॅनडाच्या बरोबरीचं डोमिनियन होतं, स्वतःचं सरकार, स्वतःचा पंतप्रधान. आमचे मास्तर छडी घेऊन साम्राज्यातल्या डोमिनियनांची यादी पाठ करून घेत. पुढे दिवाळं निघालं, कारभार लंडननं घेतला. अठ्ठेचाळीसला मतदान झालं आणि मग ते कॅनडात सामील झालं. माझं सांगली संस्थानही अठ्ठेचाळीसलाच भारतात विलीन झालं. मी मुकाट्यानं फॉर्मवर इंडिया लिहितो.”

दुसऱ्या दिवशी मर्सरांचं काय करायचं हे ठरवायच्या मीटिंगमध्ये वॉर्डचे कन्सल्टंट तोच प्रश्न विचारणार होते. त्यांच्याशी वाद घालायचं त्राण पद्माकरांत उरलं नव्हतं. ते मर्सरांच्या कॉटपाशी बसले.

“मिस्टर मर्सर, उद्या कॅनडा म्हणा आणि घरी जा. शब्दानं काय अंगाला भोकं पडतात?”

मर्सर कोपरावर रेलून उठून बसले.

“युद्धात लाकूड तोडायला म्हणून मला स्कॉटलंडला आणलं. मग लग्न करून इकडेच राहिलो. तिकडे मतदान झालं, तेव्हा मला कुणी विचारलंच नाही, डॉक्टर. बेचाळीस वर्षांनी त्या मुलीनं विचारलं. आणि तुम्ही सांगता, कॅनडा म्हणा?”

सांगलीचं काय करायचं हे आपल्याला, आपल्या वडिलांनाही कुणी विचारलं नव्हतं, आणि आपल्याला कधी त्याचं काही वाटलंही नाही, हे सत्तावन्नाव्या वर्षी पद्माकरांच्या मनाला लागलं. त्यांनी फाइल उघडली, सहा खोडून सात केले, खाली सही केली आणि पाय ओढत कन्सल्टंटच्या खोलीकडे निघाले. तिथे अर्धा तास डोकेफोड करावी लागली.

शनिवारी मर्सरांनी इल्फर्डच्या घराचं दार स्वतःच्या किल्लीनं उघडलं.